नवरदेवाचा तिसरा नकार

आमच्या घरी माणसांचा अर्थ लावण्याचं काम माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं. तसं कोणी वाटून दिलं नव्हतं, पण विहिरीवरून पाणी आणणं जसं आईकडे आणि बैलांवर ओरडणं जसं बाबांकडे, तसं हे तिच्याकडे आलं. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तरी शेजारचा म्हातारा ओट्यावर टेकून तंबाखू मळत "सहजच आलतो" म्हणाला, की मी त्याचं म्हणणं मान्य करून आत निघून जायचो. सहज आला, सहज जाईल. बहीण मागून येऊन कानात सांगायची, "थो तिफण मागाले आला. बाबाले बोलाव." मग मी बाहेर येऊन त्यालाच विचारायचो, "तिफण पाहिजे का?" म्हातारा एवढा ओशाळायचा, की पेरणीची तिफण न मागताच घरी जायचा. आणि बाबांची बोलणी मलाच. ओळखलं नाही म्हणून बोलणी, ओळखून सांगितलं म्हणूनही बोलणी.

शाळेत एकदा मी मास्तरांचं गणित फळ्यावर दुरुस्त केलं. मास्तर हात जोडून म्हणाले, "वा! तुमच्यासारखे विद्वान असताना आम्ही कायले शिकवावं?" मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "तुमाले पगार भेटते म्हणून." उत्तर बरोबर होतं. छडी मोडली ती माझ्या पाठीवर.

तेव्हापासून बहिणीनं खुणा ठरवल्या. कोणी थट्टा करत असेल, तर ती माझ्या सदऱ्याची खालची शेव ओढायची. मी गप्प बसायला हवं असेल, तर चिमटा. सदरे फाटायचे आणि दंड निळे असायचे, पण गावात माझा निभाव लागायचा.

आता या प्रकाराला शब्द आहे. अलीकडे नातवाला घेऊन आम्ही नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. बाई विचारत होत्या, मुलगा नजरेला नजर देतो का, थट्टा कळते का, एकाच गोष्टीत तासन्‌तास रमतो का. सून नातवाबद्दल उत्तरं देत होती आणि मी कोपऱ्यातून माझ्याबद्दल. शेवटी बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचा नंबर नंतर." मी बाहेर जाऊन माझ्या नंबरची वाट पाहत बसलो. सून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, चला. थट्टा केली त्यांनी." सदऱ्याची शेव ओढायला त्या दिवशी कोणी नव्हतं.

बाईंनी सांगितलेला शब्द होता स्वमग्नता. शब्द भारदस्त आहे, पण मला तो अर्धाच पटला. मी स्वतःत मग्न कधी नव्हतो. उलट माणसांकडे मी इतका टक लावून बघायचो, की बाया पदर सावरायच्या आणि बाप्ये विचारायचे, "काय पायतं बे?" कोण बोलताना कान खाजवतं, कोण कोणाकडे बघून पाय हलवतं, सगळं मला दिसायचं आणि सगळं लक्षात राहायचं. फक्त त्याची बेरीज होत नव्हती. बेरीज बहीण करायची. आमच्या गावात साठ सालाच्या आसपास माझ्यासाठी एकच शब्द होता, बयताड, म्हणजे खुळा, आणि तो सगळ्या दुखण्यांना चालायचा.

विशीत मी पांढरकवड्याला एका गॅरेजमध्ये कामाला लागलो. हैदराबादच्या रस्त्यावरचे ट्रक तिथे थांबायचे. मालक म्हणजे आमचे उस्ताद, मुसलमान मिस्त्री, पान खाऊन अर्धे आणि ग्रीसनं अर्धे रंगलेले. इंजिनाशी माझं पटकन जमलं. इंजिन "सहजच बंद पडलो" असं म्हणत नाही. अडचण होती ती ट्रकबरोबर येणाऱ्या माणसांची. एकदा उस्तादांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आला. उस्तादांनी मला चहा द्यायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "नहीं नहीं, अभी पी के आया." मी "ठीक है" म्हणालो आणि त्याच्यासमोर बसून तो चहा प्यालो. 

ड्रायव्हर गेल्यावर उस्तादांनी कपाळावर हात मारला. त्या हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. "अरे बावले, मेहमान की पहली ना तहजीब की होती है. दूसरी ना शरम की. तीसरी ना को सच समझना."

मला फार आनंद झाला. बहिणीच्या खुणा तिच्याशिवाय चालत नव्हत्या. हा नियम खिशात घेऊन फिरता येणारा होता. मी तो सगळीकडे वापरायला लागलो. ईदेला उस्तादांच्या घरी शीरखुर्मा पुढे आला, तेव्हा मी नियमाप्रमाणे एकदा नको म्हणालो, दुसऱ्यांदा नको म्हणालो. चाचींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, वाटी उचलली. मी म्हणालो, "चाची, अजून एकदा विचारायचं राहिलं." चाची पदर तोंडात धरून आत गेल्या आणि आतून बराच वेळ आवाज येत राहिला. तो हसण्याचा होता, हे मला पुढच्या खेपेला गावी गेल्यावर बहिणीनं सांगितलं.

त्यानंतर वर्षभरातच तिचं लग्न ठरलं. सोयरीक पक्की होईपर्यंत मला गावी बोलावलंच नाही. "तिकडं काम असंल तुले," असं बाबांनी कळवलं. काम फारसं नव्हतं, तसं मी उलट कळवलं, तरी बोलावलं नाही. नवरदेव राजूरला कोळशाच्या खाणीवर नोकरीला होता. माणूस चांगला, असं सगळे म्हणत होते. सगळे म्हणतात त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "अजून मलेच मालूम नाही, भाऊ."

लग्न चैत्रातलं, गाव आमचं मारेगावच्या बाजूचं, आणि ऊन असं, की मांडवावरच्या जांभळीच्या डहाळ्या सकाळी हिरव्या होत्या त्या दुपारपर्यंत वाळून कुरकुरू लागल्या. लग्न अकराच्या सुमारास लागलं. वऱ्हाड परत जानोशाला गेलं. जानोसा म्हणजे रस्त्यापलीकडची शाळा, जिथे माझ्या पाठीवर छडी मोडली होती तीच. आता नवरदेवाला जेवायला बोलवायचं होतं.

इथे एक रीत सांगायला हवी. मला ती नंतर कळली, तुम्ही आधी समजून घ्या. आमच्याकडे नवरदेव जेवायला बोलावल्यावर सरळ येत नाही. तो रुसतो. रुसणं सगळ्यांना माहीत असतं, ते किती रुसणार तेही ठरलेलं असतं. पहिल्या फेरीत नवरीचा भाऊ बोलवायला जातो आणि हात हलवत परत येतो. दुसऱ्या फेरीत मामा जातो, हातापाया पडल्यासारखं करतो आणि परत येतो. तिसऱ्या फेरीत नवरीचा बाप स्वतः जातो, खिशातून घड्याळ काढून जावयाच्या मनगटावर बांधतो, आणि जावई हसत उठतो. बाबांनी घड्याळ यवतमाळहून आणून सकाळपासून कोटाच्या खिशात ठेवलं होतं. म्हणजे पहिल्या फेरीतल्या माणसाला एकच काम होतं: जाऊन अपयशी होऊन यायचं. एवढं काम कोणालाही जमेल, म्हणून ते मला दिलं. बहीण आतल्या खोलीत बायांच्या घोळक्यात होती. मला समजावून पाठवायला कोणी नव्हतं.

मी बुंदी पाडायच्या चुलाणाजवळ उभा होतो, तिथून तसाच गेलो. नवरदेव मास्तरांच्या खुर्चीवर बसला होता, बाशिंग कपाळावरून थोडं घसरलेलं. बाजूला त्याचा काका, धोतराचा सोगा हातात धरून.

"चला, जवाईबापू, जेवाले," मी म्हणालो.

नवरदेव दाराकडे बघत म्हणाला, "मी नाही येत."

ही तहजीबची. मी परत विचारलं, "चला जेवाले."

त्यानं काकाकडे पाहिलं. "सांगतलं ना. नाही."

ही शरमेची. मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यानं माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि बारीक आवाजात म्हणाला, "नाही."

"बरं," मी म्हणालो आणि निघालो. वळताना पाहिलं, तर तो खुर्चीतून अर्धवट उठला होता. पाहुण्याला निरोप देताना उठतात, तसं. सभ्य माणूस आहे, असं मला वाटलं.

मांडवात गावची पंगत पत्रावळी पुढे घेऊन ताटकळली होती. बाबा भटजींची दक्षिणा देत होते आणि मामा पाण्याचा पिंप कुठे गेला ते शोधत होते. आचाऱ्यानं मला विचारलं, "वाढू का जी? वरण गार होऊन राह्यलं."

"वाढा. नवरदेव जेवत नाहीत."

"काहून?"

"त्याईले भूक नाही. मी तीनदा विचारून आलो."

नवरीचा भाऊ सांगतो म्हटल्यावर आचाऱ्यानं वाढलं. वांगी वाढली, पोळ्या वाढल्या, बुंदी वाढली. एका म्हाताऱ्यानं घास हातात धरून विचारलं, "बाप्पा, जवाई बसले का?" मी त्यालाही भूक नसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "आजकालचे पोट्टे," आणि घास तोंडात टाकला. माझं काम झालं होतं, म्हणून पंगतीच्या टोकाला जागा बघून मीही बसलो.

दुसऱ्यांदा बुंदी घेत होतो, तेव्हा समोर धोतर दिसलं. वर बघितलं, तर नवरदेवाचा काका.

"हे काय चालू हाय?"

"जेवण," मी म्हणालो. "बसा."

"आमचा पोरगा तिकडं उपाशी बसला, अन तुमी बुंदी हाणता?"

"ते जेवत नाहीत म्हणाले. तुमाले भूक असंल तर बसा ना. जागा हाय."

काकाचा चेहरा लाल झाला. ऊन फार आहे, असं मला वाटलं, आणि मी त्याच्याकडे पाण्याचा गडवा सरकवला. तो त्यानं पायानं उडवला. मग रस्त्याकडे तोंड करून त्यानं आवाज दिला, तो पलीकडच्या शाळेतच काय, पुढच्या गावातही गेला असेल. "बैल जुंपा रे. नवरी राहू द्या यायच्याच घरी. यायले बुंदी सोडवत नाही, पोरगी काय देतीन?"

पंगत हात धुवायला उठली, कोणी पळायला उठलं. बाबा घड्याळ हातात घेऊन शाळेकडे धावले आणि तसंच घड्याळ हातात घेऊन परत आले. खोट्या रुसव्याचा भाव ठरलेला असतो. खरा रुसवा बाजारात कधी आलाच नव्हता, त्याचा भाव कोणालाच सांगता येईना. पलीकडे दोन रेंग्या, छोट्या बैलगाड्या, जुंपून झाल्या होत्या. लग्न लागलेली पोरगी बापाच्या दारात सोडून वऱ्हाड परत गेलं, तर त्या काळी तिचं पुढे काय होतं, ते मलाही माहीत होतं. त्याला बेरीज लागत नाही.

मामा हातात पाण्याचा लोटा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तुले बहीण पाठवाचीच नव्हती, म्हणून केलं ना हे? सांग."

मी प्रामाणिकपणे विचार करायला लागलो. मला तिला पाठवायचं नव्हतं का? ती गेली की माझ्या सदऱ्याची शेव कोण ओढणार, हे सकाळपासून डोक्यात होतं खरं. पण त्याला काय म्हणतात, ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मले मालूम नाही, मामा. विचारून सांगतो."

"कोणाले विचारतं?"

"बहिणीलेच."

आणि मी आतल्या खोलीत गेलो. दुसरीकडे कुठे जाणार? बहीण पिवळ्या लुगड्यात, मुंडावळ्यांसकट, भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूच्या बाया रडत होत्या, ती रडत नव्हती. मला बघून तिनं बायांना बाजूला केलं.

"काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं.

"पहिल्यांदा नाही म्हणाले, तवा कुकडे पायत होते?"

"दाराकडं."

"बाबा येते का ते पायत असतीन. दुसऱ्यांदा?"

"काकाकडं."

"अन तिसऱ्यांदा?"

"माह्या सदऱ्याकडं. अन आवंढा गिळला."

तिनं माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. चुलाणाजवळ उभा असताना उडालेले बुंदीचे दाणे त्याला अजून चिकटलेले होते. बहीण हसली. त्या दिवशी त्या घरात हसलेलं ते पहिलं माणूस. "त्याईले भूक लागली हाय, भाऊ. काकाच्या भेवानं बसले. तू निघाला तवा काय केलं त्याईनं?"

"अर्धे उठले."

"हं," ती म्हणाली, आणि थोडा वेळ हातावरच्या हळदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता मी सांगतो ते जाऊन सांगजो. सगळ्यायसमोर. जसंच्या तसं. एक शब्द कमी नाही, एक जास्ती नाही."

तेवढं मला जमतं. ते मला फारच जमतं.

शाळेत गेलो, तर काका नवरदेवाचा हात धरून त्याला उठवत होता आणि पाच-सहा वऱ्हाडी पेट्या उचलत होते. मी दारात उभा राहिलो आणि शाळेत कविता म्हणायचो तसा, हात बाजूला ठेवून, मोठ्यानं म्हणालो:

"माह्या भावाच्या मनात असते तेच त्याच्या तोंडात येते. म्हणून त्यानं तुमचं बोलणं खरं मानलं. तुमचंही तसंच असंल, तर बैल जुंपलेच हायेत, जा. नसंल, तर जेवाले या. मीही सकायपासून उपाशी हावो, अन वांगे गार झाले. जाय आता. अन सदऱ्यावरची बुंदी झटक, कसा दिसून राह्यला."

नवरदेवानं खाली मान घालून स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. कोट स्वच्छ होता. मग त्यानं माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग परत माझ्या तोंडाकडे. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे. पण तोंडातून आवाज निघाला तो वेगळाच, आणि बाशिंग सुटून नाकावर आलं.

"काका," तो बाशिंग वर सारत म्हणाला, "मले भूक लागली."

"अन घड्याळ?"

"ते जेवून पाहू."

"माणसं हासतीन आपल्याले."

"हासू द्या ना. मी बी हासूनच राह्यलो."

काका काही बोलणार होता. पण पेटी उचललेला एक वऱ्हाडी म्हणाला, "बुढ्या, खरं सांगू का, भूक मलेही लागली," आणि त्यानं पेटी खाली ठेवली. मग एकेक पेटी खाली आली. काका शेवटपर्यंत सोगा धरून उभा राहिला आणि सगळे रस्ता ओलांडून गेल्यावर एकटाच मागून आला. पंगतीत मात्र त्यानं वांगी सर्वांहून जास्त खाल्ली. मी मोजणार होतो, पण त्याच वेळी मामांनी मला मांडवाबाहेर नेऊन उभं केलं. "इथंच राय. कोणाशी बोलू नको. कोणी कायी विचारलं तरी नाही." किती वेळा नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाबांनी घड्याळ बांधलं. दिवस कलला तशी बोळवण निघाली. आई रडली, बाया रडल्या, मामा खांबाला धरून रडले. दुपारी बैल जुंपायला लावणारा नवरदेवाचा काकाही उपरण्यानं डोळे पुसत होता. हे कसं काय, ते विचारायला मी बहिणीकडे वळलो. ती रेंगीत जाऊन बसली होती.

सगळे रडत असताना मी काय करावं, ते मला सुचेना. डोळे कोरडे होते. छातीत मात्र काहीतरी अडकलं होतं, गियर अर्धवट पडावा तसं. रेंगी थोडी पुढे सरकली आणि डावं चाक वाजलं. राजूर दूर होतं. असं वाजणारं चाक एवढ्या वाटेवर नेऊ नये. मी घरात जाऊन वंगणाचा डबा आणला आणि नव्या धोतरासकट रेंगीखाली शिरलो.

"पाय बाप्पा," वरून कोणीतरी बाई म्हणाली. "बहीण चालली, अन हा बयताड चाकाले तेल पाजून राह्यला."

"दगड हाय दगड," दुसरी म्हणाली.

मी बोटानं वंगण भरत राहिलो. गाडीच्या फळ्यांतून मला बहिणीच्या लुगड्याचा पिवळा काठ दिसत होता. तिचा आवाज आला, हळू, मला सांगितल्यासारखा नाही, शेजारी बसलेल्याला सांगितल्यासारखा. "थो रडून राह्यला," ती म्हणाली.

मला ते माहीत नव्हतं. मी थांबलो. मग परत वंगण भरायला लागलो.

रेंगी हलली, कोणीतरी खाली उतरलं. नवे बूट मातीत टेकले आणि नवरदेव उकिडवा बसून खाली वाकला. नव्या घड्याळाचा हात त्यानं गुडघ्यावर ठेवला होता. आमची नजरानजर झाली. नजरेला नजर मला फार वेळ देता येत नाही, म्हणून मी चाकाकडे बघितलं. गाडीवान वरून घाई करत होता, काका कुठूनतरी "दिवस बुडते" म्हणत होता.

"भाऊ," नवरदेव म्हणाला, "घाई नाही. उजवं चाकही वाजते."

मी सरपटत पलीकडे गेलो, उजव्या चाकाला कान लावला आणि ते हातानं पुढेमागे हलवून पाहिलं. चाक अजिबात वाजत नव्हतं. तसं सांगायला मी तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मग डबा जवळ ओढला आणि त्या चाकालाही वंगण लावत बसलो, चांगलं सावकाश.